मत्स्यतेलाच्या गोळ्या आणि न तपासलेले पाय

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मधुमेहींच्या नसांना मत्स्यतेलाने फायदा होतो, असा मजकूर आपल्या आरोग्य पुरवणीत आला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या मेडिकलमध्ये त्या पिवळ्या गोळ्या मागणारी मी तिसरी होते. दुकानदारानेच हसत सांगितले. मला चौदा वर्षे साखर आहे. रात्री तळपायांची आग होते, पायावर चादरही नको वाटते. बाटली घेतली.

घरी येऊन चष्मा लावला. पुढच्या बाजूला ठळक १००० मिलिग्रॅम. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत ईपीए १८०, डीएचए १२०. म्हणजे तेलातली कामाची स्निग्धाम्ले, ज्यांना ओमेगा-३ म्हणतात, ती दोन्ही मिळून गोळीमागे ३००, बाकी नुसते तेल.

पुरवणीत 'कॅनडातील संशोधन' एवढेच होते, म्हणून पुतण्याकडून मूळ निबंधाची माहिती काढवली. २०१७ मधला, टोरांटोचा. माणसे ४०, सगळी टाइप १ मधुमेहाची. आपल्याकडे बहुतेकांना असतो तो टाइप २. तेल सीलचे, आणि सील हा मासाच नव्हे! रोज १० मिलिलिटर, वर्षभर. त्यातले ओमेगा-३ भरते दोन ग्रॅमच्या वर. माझ्या बाटलीतल्या सात-आठ गोळ्या रोज घ्याव्या तेव्हा तेवढे होणार. डोळ्याच्या कॉर्नियातल्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातल्या, बारीक नसांची लांबी २९ टक्क्यांनी वाढली, आणि ही गोष्ट लहान नाही, कारण मधुमेहात त्या आखूड होत जातात. पण नसांमधून संदेश जाण्याचा वेग आणि स्पर्शाची जाणीव यांत काही फरक पडला नाही. तुलनेला तेल न घेणारा गटही नव्हता. यातले एक अक्षर पुरवणीत नव्हते.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात मार्क योरेक यांनी मधुमेही उंदरांवर बरेच काम केले आहे. मेनहेडन नावाच्या माशाचे तेल खाऊ घातल्यावर त्यांच्या नसा सुधारल्या. हा मेनहेडन आपल्या तारलीच्याच कुळातला. उंदरांचे तेवढे बरे चालले आहे म्हणायचे! आम्ही तारली-बांगडा लहानपणापासून खातो, सार करून, तरी माझे पाय वाचले नाहीत. अर्थात मासा खाऊ नये असे मी म्हणणार नाही, निदान मालवणात राहून तरी नाही.

पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. गेल्या मे महिन्यात अंगणातून घरात आले, तर सूनबाई ओरडली, "आई, लादीवर रक्त कसलं?" दारापासून स्वयंपाकघरापर्यंत ठिपके. चपलेच्या तळातून खिळा वर आला होता आणि टाचेत रुतला होता. मला पत्ताच नव्हता. आग होते त्याच पायाला खिळा कळत नाही, हे कुणाला सांगून पटणार?

जखमेसाठी ज्या नव्या डॉक्टर बाईंकडे गेले, त्यांनी आधी दोन्ही पाय उघडे करायला लावले. डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक जाडसर दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. १० ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. जाणवले की 'हो' म्हणायचे. दहापैकी चार वेळा म्हटले. पाच मिनिटांचे काम आणि यंत्र म्हणाल तर ते एवढेच. आधीच्या डॉक्टरांकडे अकरा वर्षे जात होते. ते कागदावरची साखर बघत, गोळी वाढवत. पायाकडे एकदाही पाहिले नाही.

बाईंनी रक्तातले बी-१२ जीवनसत्त्वही तपासले. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकते आणि त्यानेही मुंग्या येतात. माझे बरेच खाली होते. इंजेक्शने झाल्यावर मुंग्या निम्म्यावर आल्या, आग आहेच.

तेव्हा मत्स्यतेलावर जरूर छापा, पण माणसे किती, तेल कोणते, मात्रा केवढी, हेही छापा. आणि त्याच पानावर चौकट टाका: मधुमेह्याने वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत, घरी रोज तळवे बघावेत, वाकता येत नसेल तर खाली आरसा धरावा. चपलेत पाय घालण्यापूर्वी आतून हात फिरवावा.

बाटलीत अजून चाळीसेक गोळ्या आहेत. आमच्या 'ह्यां'ना रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, तरी "मलाही दे त्यातली एक" म्हणून मागे लागले होते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मिळणार नाही, असे सांगून बाटली तांदळाच्या डब्यामागे ठेवली आहे.

आपली,
एक वाचक, मालवण