बाबू, सुट्टी टाकायच्या आधी हे वाच

बाबू,

परवा फोनवर सूनबाईले दिवस राहत नाई म्हणून बोलणं निघालं तवा तू म्हणला का "आई, तिच्यातच काईतरी प्रॉब्लेम असंन, तिची पाळीच टायमावर येत नाई" अन् मी काही बोलली नाई, कारण बाजूले तुझी मोठी आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती अन् तिले तर तेवढंच पायजे. म्हणून लिहून पाठवून रायली. लांबलचक होईन, पण जेवणाच्या सुट्टीत एका जागी बसून पूर्ण वाच, अर्धं वाचून अंगठा पाठवू नको. आईनं असं काऊन लिहिलं म्हणून लाजू पण नको, मी आशाताई आहे, गावातल्या दुसऱ्यांच्या पोरांले घरी बसवून हेच सांगते, मंग आपल्या पोरालेच काऊन नाई सांगू.

पहिले तर हे डोक्यातून काढ का पाळी 28 दिवसांचीच पायजे. 21 पासून 35 दिवसांपर्यंत कितीही दिवसांनी येवो, दर खेपेले साधारण तेवढ्याच अंतरानं येत असंन तर ती टायमावरच आहे. सूनबाई कालनिर्णयवर लाल पेनानं खुणा करते, मी मागची पानं उलटून पाहली, तिची बरोबर 34-35 दिवसांनी येते, इकडंतिकडं एखादा दिवस. याले गडबड नाई म्हणत. दोन-दोन महिने येतच नसती, किंवा कधी वीस दिवसांनी अन् कधी साठ दिवसांनी येती, तर मीच तिले यवतमाळले घेऊन गेली असती, पीसीओएस म्हणजे अंडाशयाचा त्रास आहे का थायरॉइड ते पाहून घेतलं असतं.

आता आत काय होते ते सांगते. गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूले एक-एक अंडाशय असते, तीनेक सेंटीमीटरचं, अन् पिशवीतून दोन नळ्या निघून त्यांच्या जवळ जातात. पोरगी जन्माले येते तवाच तिची सारी अंडी तिच्यासोबत असतात, 10 ते 20 लाख. वयात येईपर्यंत 3-4 लाख उरतात अन् साऱ्या जन्मात फुटून बाहेर येतात ती फक्त 400-500, बाकीची आतल्या आत विरून जातात. म्हणजे पाय ना, सूनबाई तिच्या आईच्या पोटात होती तवाच आपल्या नातवाचं अर्धं बीज तयार होऊन बसलं होतं. ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं तवा मी तर चाट पडली होती.

रक्त दिसलं तो पहिला दिवस, मोजायचं तिथून. त्या सुमारास मेंदूच्या खाली एक बारीकशी ग्रंथी असते पिच्युटरी म्हणून, ती एफएसएच नावाचं हार्मोन सोडते अन् अंडाशयात पाण्याच्या बारीक बारीक पिशव्या वाढायले लागतात, एकेकीत एकेक अंडं. आपण पऱ्हाटी टोबतो तवा एका ठिकाणी दोन-तीन सरक्या टाकतो अन् मंग विरळणीत जोमदार रोप ठेवून बाकीचे उपटतो, इथं ते उपटायचं काम ती जोमदार पिशवी सोताच करते. ती मोठी होता होता इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन सोडते, त्यानं वरून येणारं एफएसएच कमी होते, दुसऱ्यांले पुरत नाई, त्या सुकून जातात. त्याच इस्ट्रोजेननं गर्भपिशवीचं आतलं अस्तर जाड होत जाते. ती पाण्याची पिशवी दोनेक सेंटीमीटरची झाली अन् इस्ट्रोजेन दोन दिवस चढून राहलं का पिच्युटरीतून एकदम एलएच नावाच्या दुसऱ्या हार्मोनचा लोंढा येतो, अन् त्याच्यानंतर दीडेक दिवसात पिशवी फुटून अंडं बाहेर. सोनोग्राफीवाले सांगतात ना "अंडं 20 एमएमचं झालं", ते अंडं नसते बाप्पा, ती पिशवी असते. अंडं मिलीमीटरचा दहावा भाग, चांगल्या उजेडात टिंब दिसंन तर दिसंन. एका महिन्यात डावीकडून, दुसऱ्यात उजवीकडून असा काही पक्का नंबर पण नसतो.

फुटलेली पिशवी वाया जात नाई. तिचा पिवळा गोळा बनतो अन् तो प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन सोडतो, त्यानं अस्तर टिकून राहते, अंगाचं टेंपरेचर पण थोडंसं, अर्ध्या डिग्रीच्या आसपास वर जाते. पण या गोळ्याचं आयुष्य 12-14 दिवसांचं. तेवढ्यात गर्भ रुजला नाई तर गोळा सुकतो, प्रोजेस्टेरॉन पडते, अस्तर सुटते, हेच पाळीचं रक्त. साऱ्या दिवसांचं मिळून 30-40 मिली असते, जास्तीत जास्त 80. त्याच्यासाठी बायांले लोणच्याले हात लावू देत नाई अन् तिकडं गडचिरोलीत तर काही गावांत कुर्माघर म्हणून वेगळ्या झोपडीत बसवतात, कायले ते देवच जाणे. अन् गर्भ रुजला तर तो एचसीजी नावाचं हार्मोन सोडून त्या गोळ्याले जिवंत ठेवते. माझ्या पिशवीतल्या निश्चय कार्डवर लघवीचे थेंब टाकले का दोन रेघा येतात, त्यातली दुसरी रेघ या एचसीजीचीच.

आता तुझ्या हिशोबावर येते. पाळी लांबते ती पहिल्या भागात, अंडं फुटायच्या आधी, म्हणजे अंड्याची पिशवी मोठी व्हायले कोणाले दहा-बारा दिवस लागतात, कोणाले तीन हप्ते. अंडं फुटल्यानंतरचा भाग जवळजवळ साऱ्यांचा सारखाच, चौदा दिवसांच्या आसपास. म्हणून पाळी झाल्यापासून पुढं चौदा नाई मोजायचे, पुढची पाळी येणार त्या तारखेपासून मागं चौदा मोजायचे. जपानच्या ओगिनो डॉक्टरनं हे 1924 मध्ये लिहून ठेवलं, अन् तुझं ते मोबाईलमधलं ॲप अजून साऱ्या बायांले 28 दिवसांत बसवून रायलं. का तू त्याच्यात तिचे 35 टाकलेच नाई? सूनबाईनंच सांगितलं मले का तू ॲपमधला चौदावा दिवस पाहून चाकणहून सुट्टी टाकते.

समज पाळी 1 ऑगस्टले आली. 35 दिवसांनी म्हणजे पुढची 5 सप्टेंबरले. मागं चौदा मोजले तर 22 ऑगस्ट, अंडं त्याच्या आसपास फुटंन. अंडं जगते 12 ते 24 तास, बस. पुरुषाचं बीज नळीत जास्तीत जास्त पाच दिवस तग धरते. म्हणजे कामाचे दिवस 17 ते 22. अन् तू येते 13 ले रातच्या ट्रॅव्हल्सनं अन् 15 ले झेंडा झाला का परत. आता तूच सांग प्रॉब्लेम कोणात आहे, तिच्यात का तुझ्या तिकिटात.

तारीख काही घड्याळासारखी पक्की नसते, एखाद्या महिन्यात ताप-बिप आला, टेन्शन असलं तर मागंपुढं होते. त्याची खूण बाईले सोताले समजते. अंडं फुटायच्या आधीचे दोन-चार दिवस अंगावरून जाणारं पाणी पारदर्शक अन् बुळबुळीत होते, दोन बोटांत धरून ताणलं तर तार धरते, अन् फुटून गेल्यावर घट्ट अन् पांढरट होते. हे मी तिले समजावून सांगितलं आहे, तुले कॉपी-पेस्ट करून विचारायची गरज नाई, ती फोन करंन तवा शिफ्ट बदलून यायचं. अन् जमत असंन तर तिले तिकडं घेऊन जा, एक खोली का होईना. नवरा-बायको एका छताखाली राहले अन् दर दोन-तीन दिवसांनी सोबत राहले तर तारखा पाहायचीच गरज नाई, हे माझं नाई, डॉक्टरांचं म्हणणं आहे. म्हातारीच्या मागं कोण म्हणून तिले इथं ठेवू नको, माझ्या मागं पूर्ण गाव आहे.

आता तुझं. लेकरू होत नसलं का सारे बाईकडं पाहतात, पण अशा जवळपास अर्ध्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनं पण काही ना काही कमी निघते. बीज तयार व्हायले अडीचेक महिने लागतात, अन् त्याले अंगापेक्षा दोन-तीन डिग्री थंड जागा लागते. तू दिवसभर भट्टीजवळ उभा राहते, वरून खर्रा. तंबाखूनं बीज कमजोर होते, संख्या पण कमी होते. तू म्हणला होता लग्नानंतर सोडतो, मागच्या खेपेले तुझ्या जीन्सच्या खिशातून पन्नी निघाली, सूनबाईनं धुताना मलेच दाखवली. आज सोडला तर फरक दिसायले तीन महिने लागतात, म्हणून आजच सोड.

तपासणी वर्ष झाल्यावर करायची असते, बाई 35 च्या वर असंन तर सहा महिन्यांनी. सूनबाई चोवीसची आहे, लग्नाले वर्ष पण नाई झालं, म्हणजे सोनोग्राफीसाठी धावायचं काही काम नाई. पुढं गरज पडलीच तर तुझी तपासणी पहिले, ते सोपं अन् स्वस्त असते, दोन ते सात दिवस परहेज ठेवून बीजाचं सॅम्पल द्यायचं. पण सिकलची, म्हणजे आईबापाकडून लेकराले येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी मात्र आता कर, तिची मी पीएचसीत करून घेतली, नॉर्मल आली, तुझी लग्नाच्या घाईत राहून गेली. दोघंही वाहक असले, म्हणजे सोताले आजार नाई पण अंगात त्याचा अंश आहे, तरच लेकराले आजाराची भीती, दर खेपेले चारात एक, तरी तुझं समजलेलं बरं. फोलिक ॲसिडची गोळी तिले मी सुरू केली, दिवस राहायच्या आधीपासूनच घ्यायची असते ती.

अन् मोठी आईनं पुन्हा "पहिला पोरगाच पायजे" म्हणलं तर तिले सांग का पोरगा का पोरगी ते बापाच्या बीजावर असते, त्याच्यातून वाय गुणसूत्र गेला तर पोरगा, एक्स गेला तर पोरगी, बाईच्या अंड्यात एक्सच असतो. तू नाई सांगितलं तर मी सांगंन, अन् मी सांगितलं का मंग दिवाळीपर्यंत बोलणं बंद, तुले माहीत आहे.

पुढच्या महिन्याची सुट्टी मॅनेजरले आताच बोलून ठेव, 17 पासूनची. सिकलचा रिपोर्ट आला का त्याचा फोटो टाक, मले वाचता येते.

तुझी आई