दुकानाचा नंबर तोंडात बसणारा घ्या, पण स्वतःच्या नावावर घ्या

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आमच्याकडं नवीन दुकान टाकणारी पोरं सध्या व्हीआयपी मोबाईल नंबरच्या मागं लागलेत म्हणून हे पत्र. माझं औशात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, गिऱ्हाईक सगळं शेतकरी. त्यातली म्हातारी माणसं नंबर सेव्ह करत नाहीत, स्टार्टरच्या पेटीवर खडूनं लिहितात नाहीतर पाठ करतात, अन् मोटार जळाली की शेजाऱ्याच्या फोनवरून लावतात. म्हणजे नंबर ध्यानात राहिला तरच काम येतं.

पण ध्यानात राहणारा कोणता? सात-सात-सात-सात दिसायला लई भारी, पण दाबताना चार झाले का पाच इथंच माणूस अडकतो. आपण नंबर जोडीनं सांगतो, अन् सदुसष्ट-अडुसष्ट, एकोणसत्तर-एकोणऐंशी फोनवर सारखेच ऐकू येतात, त्यात बाजूला इंजिन चालू असलं की संपलंच. शेवटी पंचवीस पन्नास असं काही असलं तर एकदा सांगितलं की बसतं. अमेरिकेत बटणावरच्या इंग्रजी अक्षरांचा शब्द जुळवून नंबर देतात, ते आपल्या कामाचं नाही.

मी 2016 ला, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात, एका एजंटाकडून आठ हजाराला नंबर घेतला. सिम दुसऱ्याच्याच नावावर होतं हे मला माहीतच नव्हतं. दोन वर्षांनी त्या माणसानं डुप्लिकेट सिम काढलं अन् माझा फोन बंद. भिंती रंगवलेल्या, बिलबुकं छापलेली, सगळं वाया, अन् कागद नसल्यानं तक्रार तरी कशाच्या जोरावर करणार?

फॅन्सी नंबर पाहिजेच असला तर बीएसएनएल स्वतः ई-लिलाव करतं, तिथून घ्या, बाकी कंपन्यांचाही त्यांच्याच दुकानातून घ्या, केवायसी स्वतःची करा. आपल्या नावावर कोणते नंबर आहेत ते सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर दिसतं. नाव आपलं असलं की रेंज नाही म्हणून नंबर सोडायची पाळी येत नाही, 2011 पासून 1900 ला मेसेज करून कंपनी बदलता येते. अन् दुकानाचं सिम ड्रॉवरमधे टाकून ठेवू नका, 90 दिवस वापर नसला तर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतं.

औसा, निलंगा भागात ज्यांच्या स्टार्टरच्या पेटीवर माझा जुना नंबर अजून आहे त्यांनी तेवढा खोडून टाकावा, नवा नंबर दुकानाच्या पाटीवर आहे.

आपला,
एक मोटार रिवाइंडिंगवाला, औसा (जि. लातूर)