फवारणाऱ्याच्या रक्ताचा आकडा पेरणीआधी हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पोळा जवळ आला की आपल्या जिल्हा पानावर 'फवारणी करताना घ्यावयाची काळजी' ही चौकट हमखास येते. हातमोजे घाला, चष्मा लावा, तोंडाला मास्क बांधा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, मध्येच तंबाखू मळू नका. सगळे बरोबर आहे. गेल्या वेळी चौकटीसोबतच्या फोटोतला माणूस मात्र बनियन आणि हाफ पॅन्टवर, पाठीला पंप लावून छातीएवढ्या कपाशीत उभा होता. मला चौकटीपेक्षा तो फोटो जास्त खरा वाटला. हे पत्र त्या माणसाविषयी आहे.

मी ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. हिवतापाच्या काचा, हिमोग्लोबिन, थुंकी, साखर यांत नोकरी संपली. आता चोपडा तालुक्यात थोडी कपाशी करतो. म्हणजे औषध मारून घेणारा मीही आहे, आणि औषध लागलेल्या माणसाचे रक्त कसे येते तेही पाहिलेले आहे.

कोणत्याही रसायनाचा धोका ठरवताना दोन गोष्टी लागतात. ते किती विषारी आहे, आणि माणसाच्या अंगात किती जाते. पहिल्या गोष्टीवर भरपूर काम होते. जनावरांना वाढत्या मात्रेत देऊन, ज्या मात्रेला काही अपाय दिसत नाही ती धरतात आणि माणसासाठीची सुरक्षित मात्रा काढायला साधारणपणे १०० ने भागतात. जनावर आणि माणूस यांतल्या फरकासाठी १० पट, माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी १० पट. डब्यावरचा रंगीत त्रिकोणही असाच प्राण्यांवरच्या चाचणीतून येतो. तोंडावाटे किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅमला निम्मे प्राणी मरत असतील तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण तो त्रिकोण एका वेळच्या मात्रेचा आहे. आषाढापासून दसऱ्यापर्यंत आज या शेतात, उद्या त्या शेतात पंप मारणाऱ्याचे काय, हे त्रिकोण सांगत नाही. आमच्याकडे तर त्रिकोणाचा उपयोग उलटाच होतो. 'लाल दे, लाल लवकर लागू पडतं' असे दुकानात मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे.

दुसरी गोष्ट, म्हणजे अंगात किती गेले, ती खान्देशात कोण मोजतो? आमच्याकडे फवारायला बहुतेक सातपुड्याच्या पायथ्याची पावरा आदिवासी पोरे येतात. वजन पन्नास किलोच्या आतबाहेर. मजुरी पंपावर ठरते, म्हणून जितके पंप जास्त तितके पैसे जास्त. बादलीत तुडतुड्यांचे एक, बोंडअळीचे एक आणि वर टॉनिक अशी तीन औषधे एकत्र होतात. प्रत्येकाची विषारीपणाची चाचणी वेगवेगळी झालेली असते, या मिश्रणाची कुठेच नाही. ढवळायला काडी सापडली तर काडी, नाही तर हात. पाणी न मिसळलेले घट्ट औषध हाताला लागते ते इथेच, आणि दिवसभरातला सगळ्यात वाईट क्षण हाच असतो. मग पंपाचे झाकण गळते. पाणी पाठीवरून कमरेला, कमरेवरून खाली जांघेत उतरते.

ही गळती किरकोळ समजू नका. अमेरिकेत १९७१ मध्ये माणसांच्या त्वचेवर पॅराथिऑन लावून, अंगात किती मुरते ते मोजले गेले. कोपरापुढच्या हातातून सुमारे ९ टक्के, डोक्याच्या कातडीतून सुमारे ३२ टक्के आणि वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळे. वर्तमानपत्रात हे लिहायला संकोच वाटतो, पण गळक्या पंपाचे पाणी नेमके तिथेच जाते. आपल्या चौकटीतले हातमोजे आणि मास्क तिथे पोचत नाहीत.

बायकांची गणती तर कोणत्याच हिशेबात नाही. टाकीवरून पाणी आणून देणारी ती, फवारणीच्या दुसऱ्या दिवशी त्याच वावरात निंदायला वाकलेली ती, आणि संध्याकाळी नवऱ्याचे भिजलेले कपडे लेकरांच्या कपड्यांत धुणारीही तीच. तिच्या अंगात किती गेले हे तिला कोणी विचारलेले मला माहीत नाही.

आता रक्ताकडे येतो. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, ॲसिफेट ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली. आपल्या मज्जातंतूने स्नायूला निरोप दिला की तो निरोप पुसायला शरीरात कोलिनेस्टरेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. ही औषधे त्यालाच जखडून टाकतात. निरोप पुसला जात नाही, तो चालूच राहतो. घाम, लाळ, उलटी, बारीक झालेली बाहुली, फडफडणारे स्नायू आणि शेवटी श्वास. किडा मरतो तो याच वाटेने. आश्विनातल्या उन्हात घाम आणि उलटी घेऊन आलेल्या माणसाला 'ऊन लागलं' किंवा 'पित्त झालं' म्हणून सलाईन लावून घरी पाठवलेले मी पाहिले आहे. यावर उतारा म्हणून ॲट्रोपिन द्यायचे असते हे डॉक्टरांना माहीत असते. पण आधी कोणीतरी विचारावे लागते, 'आज काय मारलं?'

पोरांना विचारले की उत्तर ठरलेले. "काहीच नही व्हस दादा, सवय व्हई गयी." यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते घातक आहे. विकर हळूहळू कमी होत गेले तर लक्षणे फारशी जाणवत नाहीत. लाल पेशीतले गेलेले विकर भरून यायला नवी पेशीच यावी लागते, आणि पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. आठवड्यात तीन शेतांवर जाणाऱ्याला तेवढी उसंत कुठली? खाते रिकामे होत जाते आणि एका दुपारी दोन पंप जास्त झाले की माणूस बांधावर आडवा होतो.

माझ्या धंद्यातला मुद्दा इथेच आहे. प्लाझ्मातल्या, म्हणजे रक्तातल्या पेशी सोडून उरलेल्या द्रवातल्या, कोलिनेस्टरेजची 'नॉर्मल' म्हणून कागदावर छापलेली कक्षा फार रुंद असते, अनेक ठिकाणी साधारण ५ हजारांपासून १२-१३ हजार युनिटांपर्यंत. मुळात १२ हजार असलेल्या माणसाचे ६ हजारांवर आले, म्हणजे निम्मे संपले, तरी कागदावर शिक्का 'नॉर्मल'चाच. म्हणून आजारी पडल्यावर काढलेला एकटा आकडा फार थोडे सांगतो. त्या माणसाचा फवारणीआधीचा स्वतःचा आकडा हातात हवा. कॅलिफोर्नियात १९७४ पासून हेच करतात. हंगामाआधी रक्त घेतात, मध्ये पुन्हा घेतात, आणि लाल पेशीतले विकर मूळ आकड्याच्या ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातले ६० टक्क्यांवर आले की त्या माणसाला फवारणीवरून काढतात. ८० टक्क्यांवर आल्याशिवाय परत घेत नाहीत.

अमेरिकेचे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्या १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही फवारणीच्या कामावरच्या माणसाची कामाआधी आणि मग दरवर्षी वैद्यकीय तपासणी सांगितलेली आहे, आणि या गटातल्या औषधांसाठी कोलिनेस्टरेज मोजायलाही सांगितले आहे. पण पंपावर मजुरी घेणाऱ्या पोराला कामावर 'ठेवणारा' कोण? आज मी, उद्या शेजारी. त्यामुळे नियम कागदावर आणि पोरगे कपाशीत. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक जीव गेले. चौकशी झाली, मग गावोगाव किट वाटले गेले. आमच्या गावात आलेले किट म्हणजे रेनकोटच होता. ३५ अंशांत तो घालून कपाशीत एक तास काढून दाखवावा, मी पंप भरून देतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आचारसंहितेतच म्हटले आहे की ज्या औषधासाठी अंगाला न सोसणारी किंवा महाग संरक्षक साधने लागतात, ते टाळावे, विशेषतः उष्ण हवेच्या प्रदेशातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या हाती. म्हणजे माणसाने किट घातले नाही हा त्याचा दोष मानण्याआधी ते औषध इथे विकायचे का, हा प्रश्न यायला हवा.

नाशिकची द्राक्षे युरोपला जायची तर औषधाच्या अवशेषांची तपासणी झाल्याशिवाय जात नाहीत. ते योग्यच आहे, खाणाऱ्याची काळजी घ्यायलाच हवी. पण घडाची तपासणी जमते तर फवारणाऱ्याची का जमू नये, एवढेच विचारतो.

मागणी मोठी नाही. आखाजी (अक्षय तृतीया) झाल्यावर, बागायती कपाशीच्या लागवडीच्या सुमाराला, प्राथमिक आरोग्य केंद्रांवर फवारणाऱ्यांचे रक्त घ्यावे. दोन-तीन मिलिलिटर पुरते. लसींचे शीतपेटीतले डबे गावापर्यंत येतातच, त्याच वाटेने नमुने जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवता येतील. पोळ्याच्या आसपास दुसऱ्यांदा घ्यावे, तेही त्याच प्रयोगशाळेत आणि त्याच पद्धतीने, नाही तर दोन आकड्यांची तुलना करता येणार नाही. आकडा त्या माणसाच्या हाती लेखी द्यावा. निंदणीच्या बायकांनाही त्यात धरावे. या तपासणीच्या मर्यादाही सांगतो. पायरेथ्रॉइड, इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे किंवा पॅराक्वाट हे तणनाशक यांचा पत्ता कोलिनेस्टरेजवरून लागत नाही, आणि पॅराक्वाटला तर उताराही नाही. कार्बामेट गटातल्या औषधांचा या विकरावरचा परिणाम काही तासांत ओसरतो, नमुना उशिरा घेतला तर तोही हुकतो. तरी आज शून्य माहिती आहे, त्यापेक्षा हे कितीतरी बरे.

एक अडचण मात्र आरोग्य खात्याला एकट्याने सुटणारी नाही. आकडा खाली आला म्हणून पोराला सांगितले, दोन महिने पंप उचलू नको, तर तो उद्या शेजारच्या गावात जाऊन उचलेल, कारण फवारणीची मजुरी निंदणीपेक्षा जास्त आहे. अशा माणसाला त्या काळात रोजगार हमीचे काम आधी मिळावे आणि मजुरी आठवड्याला हातात पडावी, एवढे जिल्हा प्रशासनाने तपासणी सुरू करण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
ता. चोपडा, जि. जळगाव