सोयरिकीची माहिती केसपेपरवर घ्यावी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी सांगलीत बालरोगतज्ज्ञ आहे. गेल्या पावसाळ्यात तासगावकडचे एक सव्वा वर्षाचे, पांढरेफटक पडलेले बाळ माझ्याकडे आले. फाइल तीन दवाखान्यांची होती आणि रक्त वाढण्यासाठी लोहाचे औषध सात महिने चालू होते. बाळाच्या आईवडिलांचे आपसांत नाते काय, हे त्या फाइलीत कुठेही नोंदवलेले नव्हते. मी विचारले, तेव्हा आजी सहज म्हणाली, "माझ्या भावाचीच ल्येक केलीया, बाहेरची न्हाई." बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा गंभीर आजार, निघाला.

आईवडील दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसूनही दोघांच्या अंगात हा दोष असला, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी निपजण्याची शक्यता २५ टक्के असते. मामाची मुलगी करण्यातला धोका निदान नात्यावरून कळतो. पण नाते नसतानाही, पिढ्यान्‌पिढ्या एकाच पोटजातीत सोयरिकी होत राहिल्या की मोजक्या पूर्वजांचे दोष त्या मंडळात साचतात, आणि ओढ्यापलीकडच्या दुसऱ्या मंडळात ते नसतात. २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६३ समूहांच्या जनुकीय अभ्यासात ८१ समूहांमध्ये हा परिणाम त्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडच्या लोकांपेक्षा व अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातील) ज्यूंपेक्षाही तीव्र आढळला. आंध्रातील वैश्य समाजात एका विकराची (एन्झाइमची) उणीव विशेष आढळते. अशा रुग्णाला भुलीच्या वेळी सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारे औषध दिले, तर श्वासाचे स्नायू बराच वेळ लुळे राहतात. शेजारच्या समाजाला हाच नियम लावून चालत नाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी कैलाश मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही (आपसांतच लग्ने करणाऱ्या) गटांची जैविक तुलना १९६८ मध्येच प्रसिद्ध केली होती. खुला, इतर मागास या रकान्यांत यातले काहीच दिसत नाही. ते रकाने आरक्षणासाठी आहेत, रक्तासाठी नव्हेत.

म्हणून विनंती अशी की, सातारा व सांगली जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत गरोदर मातेच्या नोंदणीवेळी नवराबायकोचे नाते आणि दोन्ही घरांच्या सोयरिकीचे मंडळ विचारले जावे, पहिल्या तीन महिन्यांत थॅलेसेमियाचे वाहक ओळखणारी हिमोग्लोबिनची एचपीएलसी ही रक्ततपासणी व्हावी, आणि माता वाहक निघाल्यास पतीचीही त्याच आठवड्यात व्हावी. पोटजात विचारली की माणसे सावध होतात, आणि त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. त्यामुळे उत्तर ऐच्छिक असावे, नोंद सांकेतिक क्रमांकाने ठेवावी आणि ती आरोग्य खात्याबाहेर जाऊ नये. तपासणीमुळे ठरलेले लग्न मोडल्याचा बोभाटा एकदा जरी झाला, तरी पुढे कोणी हात पुढे करणार नाही. म्हणून निकाल सांगण्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक केंद्रावरच हवा.

त्या बाळाला आता दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि त्याची आई पुन्हा गरोदर आहे.

आपला,
सांगलीतील एक बालरोगतज्ज्ञ