पळसदेवच्या नाववाल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचा पुतण्या हे पत्र मोबाइलवर तुम्हाला वाचून दाखवील अशी आशा आहे. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. निघताना मी आभार मानायला लागले तर तुम्ही हात झटकून जाळं आवरायला घेतलंत. पण मला गप्प बसवत नाही.

माझ्या आईचं माहेर जुनं पळसदेव. उजनी धरण १९८० साली पुरं झालं, त्याच्या आधीच गाव उठलं. आई तेव्हा शाळेत होती. भीमेकाठचं घर, चिंच, शाळेची वाट, सगळं पाण्याखाली गेलं. ११७ टीएमसीच्या त्या धरणावर ऊस पिकला, सोलापूरची तहान भागली, ते ती कधीच नाकारायची नाही. पण उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये', म्हणजे धरणातला वापरायचा साठा संपला, अशी बातमी आली की बाकीचे पाणीकपातीचं बोलायचे आणि आई विचारायची, "पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं का गं?"

तिच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मला त्या पाण्यावर थोडा वेळ नुसतं बसायचं होतं. एवढंच. घरच्या वडीलधाऱ्यांनी "पाण्यात काय बघणार?" म्हणून विषय मिटवला. पक्षी दाखवायला नेणाऱ्या एकाने आधी होकार दिला आणि पैसे घेतले. मग रोहित पक्ष्यांच्या थव्याभोवती इंजिन घरघरवत आम्हाला फिरवलं. देवळाकडे वळायला सांगितलं, तर म्हणाला, "तिकडं फोटोला काय नाय, मॅडम." माझ्या हातात आईचा फोटो होता. तो त्याने पाहिला होता. त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही, आणि तो मी लपवतही नाही.

तुम्ही मात्र पहिलं काय विचारलंत? "माहेर कुणाच्यात?" मी आडनाव सांगितलं. तुम्ही जरा थांबून म्हणालात, "म्हंजे देवळाच्या उगवतीला. आमचे वडील सांगायचे." आणि नाव वळवलीत.

शिखर अर्धं वर होतं, त्यावर नदीसुरय पक्षी बसले होते. तिथून थोडं पुढे जाऊन तुम्ही बांबू पाण्यात सोडलात, चाचपलंत, नाव हातभर सरकवलीत, परत चाचपलंत. मग तो बांबू माझ्या हातात दिलात. "दाबा खाली. हळू." आधी नुसता गाळ लागला, मऊ, बांबू आत आत जात राहिला. आणि मग खट्कन दगड लागला. तो ठोका माझ्या तळहातापर्यंत आला. तुम्ही म्हणालात, "जोतं हाय. तुमच्याच घराचं म्हणून सांगत नाय, खोटं कशाला बोलू? पण आळी तीच."

मामा, "हेच तुमचं घर" असं तुम्ही म्हणाला असतात तरी मी विश्वास ठेवला असता. तेव्हा मला काहीही खरं वाटलं असतं. तुम्ही तसं म्हटलं नाहीत, म्हणून ती आळी मला खरीखुरी मिळाली. आई ज्या दगडांवरून धावली असेल, त्यातल्या एकाला माझा हात पोचला, बांबूच्या टोकाने का होईना. वर्षभरात सांत्वनाला कितीतरी जण आले, चांगलं बोलून गेले. पण हाताला लागावं असं कुणी काही दिलं नव्हतं.

मग तुम्ही पाठ करून बसलात. मी किती वेळ रडले, तुम्ही विचारलं नाहीत. दुसरी एक नाव गाणी लावून जवळ आली तेव्हा तुम्ही नुसता हात वर केलात, आणि ती लांबून गेली. असं वागायला कुणी शिकवत नाही हो. तुमचंही गाव तिथंच बुडालंय, तुमचे वडीलही त्याच आळ्यांतून उठून वर आले, हे मला परतीच्या वाटेवर कळलं. आपलं दुःख मध्ये न आणता दुसऱ्याला जागा करून देणारी माणसं अजून आहेत, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

माझा भाऊ परदेशात असतो, त्याला आईच्या वेळी पोचता आलं नाही. तो येत्या उन्हाळ्यात येतोय. पाणी उतरलं की पुतण्याला एक फोन करायला सांगा. भावालाही तो बांबू धरायचाय.

तुमची,
पळसदेवची भाची