जिनिंगच्या बंगल्याचे दालन : फरशी उखडण्यापूर्वी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावात कापसाच्या एका जुन्या जिनिंग-प्रेसिंग कंपनीचा बंगला आहे. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत बांधलेल्या या बंगल्यात आज सार्वजनिक वाचनालय चालते आणि त्याच्या दुरुस्तीसाठी निधी मंजूर झाला, याबद्दल गावकरी म्हणून आम्ही समाधानीच आहोत. मात्र कामाचे अंदाजपत्रक पाहिल्यावर हे पत्र लिहिणे भाग पडले. बंगल्याच्या प्रवेशदालनातील रंगीत नक्षीची फरशी उखडून तेथे चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल बसवणे, भिंतींचा चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा गिलावा करणे, वरच्या बाजूला पीओपीचे खोटे छत घालणे आणि सागवानी दाराला ऑइल पेंट मारणे, अशी कामे त्यात धरली आहेत. यातील एकही काम त्या दालनाच्या मूळ दुखण्यावर इलाज करणारे नाही, आणि दोन कामे तर ते दुखणे वाढवणारी आहेत. बांधकामाच्या नोकरीत हयात गेलेला माणूस म्हणून त्याची कारणे मी सविस्तर मांडू इच्छितो.

हा बंगला येथे कसा आला, हे थोडक्यात सांगतो. निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती १८५३ साली गेला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, आणि त्यामागोमाग सरकी काढणाऱ्या व गाठी बांधणाऱ्या कारखान्यांबरोबर त्यांच्या व्यवस्थापकांचे बंगलेही उभे राहिले. "इंग्रजांची खूण कशाला जपायची?" असा प्रश्न ग्रामसभेत कोणीतरी विचारलाच. आमच्या कापसाच्या पैशावर, आमच्याच गवंड्या-सुतारांच्या हातांनी उभी राहिलेली ही वास्तू आता गावाच्या मालकीची आहे, एवढे उत्तर मला पुरेसे वाटते.

इंग्लंडमधील त्या काळच्या घरांत प्रवेशदालन बहुधा अरुंद असे. दारावर रंगीत काचांची झडप, पायाखाली भाजलेल्या मातीच्या नक्षीदार फरश्या, भिंतीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाला लाकडी पट्टीने वेगळा केलेला भाग आणि बाजूने वर जाणारा जिना, असा त्याचा थाट असे. वऱ्हाडच्या उन्हात तो नमुना जसाच्या तसा चालण्यासारखा नव्हता. म्हणून आमच्या बंगल्यात पुढे रुंद व्हरांडा आला, दालन बंगल्याच्या मध्यातून आरपार गेले, छत पंधरा-सोळा फुटांवर चढले आणि भिंतीच्या माथ्याशी दोरीने उघडणारे झरोके बसले. इंग्लंडचा म्हणावा असा ऐवज उरला तो जमिनीवरच. मागे उंबऱ्याजवळची एक सुटी झालेली फरशी उलटी करून पाहिली, तेव्हा तिच्या पाठीवर 'स्टोक-अपॉन-ट्रेंट' ही अक्षरे उठावात दिसली. मातीची भांडी आणि फरश्या यांसाठी जगभर नावाजलेले ते इंग्लंडमधील गाव.

या फरशीचे वैशिष्ट्य असे की तिच्यावरील नक्षी वरून रंगवलेली नसते. साच्यात दाबलेल्या मातीत खोलगट आकृती सोडायची, त्या खाचेत दुसऱ्या रंगाची पातळ माती भरायची आणि मग ती भाजायची, अशी तिची कृती. सॅम्युअल राइट याने १८३० साली या पद्धतीचे पेटंट घेतले आणि हर्बर्ट मिंटन याने ती प्रसिद्धीस नेली. नक्षी अशी अंगातच भिनलेली असल्यामुळे उंबऱ्याशी, जेथे शंभराहून अधिक वर्षे पाय पडले आहेत तेथे, फरशी मध्यभागी किंचित खोलगट झाली आहे, तरी तिच्यावरील पिवळसर फूल अजून स्पष्ट दिसते. आज बसवली जाणारी चकचकीत टाइल तेथे किती वर्षे टिकेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता दालनाच्या खऱ्या दुखण्याकडे वळतो, आणि ते दुखणे ओल हेच आहे. आमचे गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येते. येथील जमिनीत आणि विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. जोत्यातून भिंतीत चढणारी ओल हे क्षार बरोबर घेऊन येते. भिंतीच्या पृष्ठभागावर पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात, विटेच्या आणि गिलाव्याच्या बारीक छिद्रांत त्यांचे खडे बनतात आणि फुगताना ते आतून गिलावा फोडून काढतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. जुना चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे ओल बाहेर पडू देतो. झिजला तर तो झिजतो, वीट वाचते. सिमेंटचा गिलावा ओल कोंडून धरतो. मग तिला दोनच वाटा उरतात : विटेच्या पोटात बसणे किंवा आणखी वर चढणे.

यासाठी मोठ्या परीक्षणाची गरज नाही, दालनाची डावी भिंत जाऊन पाहावी. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने तिच्या तळाशी दोन फूट उंचीचा सिमेंटचा पट्टा मारला होता. तो पट्टा आजही टणक आहे. पण त्याच्या वरच्या काठाला लागून आता पांढऱ्या बुरशीसारखी लव सुटली आहे, तिच्या वरचा वीतभर चुन्याचा गिलावा हात लावताच भुगा होऊन पडतो, आणि पट्ट्यावर टिचकी मारली तर आतून पोकळ आवाज येतो. उजव्या भिंतीला सिमेंट लागले नाही. तेथे गिलावा मळकट आणि डागाळलेला असला तरी जागेवर आहे. एकाच छताखालील, एकाच वयाच्या या दोन भिंती समोरासमोर उभ्या असताना अंदाजपत्रकात चारही भिंतींना सिमेंट धरावे, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

शिवाय ही ओल एवढी वाढली कशामुळे, याचा शोध अंदाजपत्रकात कोठेच नाही. बंगल्यासमोरचा रस्ता काँक्रीटचा झाला तेव्हा त्याची पातळी अंगणापेक्षा वर गेली. पावसाचे पाणी पूर्वी रस्त्याच्या नालीत जात असे, ते आता उलटे फिरून जोत्याशी साचते. व्हरांड्याच्या पन्हाळीचे तोंड तुटल्याने कौलांवरचे पाणीही नेमके त्याच कोपऱ्यात कोसळते. आमची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात वाळून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात; जोत्याच्या एका बाजूला सतत पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडे असेल, तर पाया एकसारखा बसत नाही. दालनाच्या कमानीवरची तिरपी चीर यातूनच आलेली दिसते. तेव्हा पहिले काम पन्हाळ सरळ करण्याचे, दुसरे जोत्याभोवती उतार काढून उघडी नाली बांधण्याचे. ही दोन्ही कामे स्वस्त आहेत, आणि ती झाल्यानंतर भिंतींना निदान एक उन्हाळा वाळू द्यावे. ओल्या भिंतीवर चुनाही टिकणार नाही, हे चुन्याची बाजू घेताना सांगितले पाहिजे.

गिलाव्याचे काम दिवाळीनंतर, थंडीत धरावे. कळीचा चुना चांगला विरवून, मुरवून, धुतलेल्या वाळूशी साधारण एकास तीन या प्रमाणात मळावा आणि पातळ थरांत लावावा. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुना हळूहळू दगडासारखा होतो. त्यासाठी त्याला ओलावा आणि वेळ दोन्ही लागतात. मे महिन्याच्या लाहीत लावलेला चुना नुसता वाळतो, घट्ट होत नाही. जुने गवंडी त्यात सुरखी म्हणजे विटांची भुकटी, गुळाचे पाणी, बेलफळाचा गर घालीत, ते उगीच नव्हे. पण सर्वांत महत्त्वाची अट पाण्याची आहे. मिश्रणासाठी आणि भिजवणीसाठी शहानूर धरणावरून येणाऱ्या नळयोजनेचेच गोडे पाणी वापरावे. बोअरचे खारे पाणी वापरले, तर ज्या क्षारांशी आपण झगडतो आहोत तेच आपल्या हाताने भिंतीत भरल्यासारखे होईल. करारनाम्यात ही अट स्वच्छ शब्दांत लिहिली जावी, कारण काम सुरू झाले की ठेकेदाराचा माणूस जवळच्या बोअरचीच नळी ओढतो.

फरशीबाबत माझे म्हणणे एवढेच की ती आहे तेथेच राहू द्यावी. प्रथम संपूर्ण दालनाचा चौकटीच्या कागदावर नकाशा काढावा, छायाचित्रे घ्यावीत. मग लाकडी मोगरीने प्रत्येक फरशी हलकेच ठोकून पाहावी आणि पोकळ वाजेल तेवढीच, क्रमांक घालून, उचलावी व चुन्याच्या मसाल्यात पुन्हा बसवावी. या फरश्या एकमेकींना खेटून, जवळजवळ सांध्याविना बसवलेल्या असतात. एक पहारीने उचकटली की शेजारच्या चार जणींचे काठ उडतात. धुण्यासाठी बाजारात मिळणारे ॲसिड मुळीच वापरू नये, ते खालचा चुना खाऊन टाकते. सौम्य साबण, मऊ ब्रश आणि बेताचे पाणी पुरेसे आहे. चमक येण्यासाठी वरून लॅकरचा थर देण्याचा मोह टाळावा, कारण त्याखाली ओल कोंडते आणि फरशी पांढरी पडते. पुस्तकांच्या कपाटांखाली उत्तम स्थितीतील बऱ्याच फरश्या दडलेल्या आहेत. त्या काढून पुढच्या फुटक्या जागी लावाव्यात आणि कपाटांखाली साधी शहाबादी घालावी, म्हणजे विलायतेतून काही मागवण्याची वेळ येणार नाही. तशा फरश्या इंग्लंडमधील जॅकफील्ड येथे आजही बनतात, पण तो खर्च वाचनालयाच्या आवाक्यातला नाही आणि त्याची गरजही नाही.

मुख्य दाराचे सागवान पाहता ते जंगलातील जुन्या झाडाचे असावे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीकडचे सागवान गेले, तेव्हा विदर्भाच्या लाकडाची थोरवी आपण सर्वांनी अभिमानाने सांगितली; येथे तसलेच लाकूड रंगाच्या पुटांखाली गुदमरते आहे. हे पुट काढताना मात्र सावधगिरी हवी. जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा मोठा संभव असतो. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे लागू झाला तो नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचे थर ग्राइंडरने कोरडे घासले तर ती धूळ पुस्तकांवर बसेल आणि वाचायला येणाऱ्या मुलांच्या पोटात जाईल. तेव्हा रंग पाणी मारून, ओला ठेवूनच खरवडावा, त्या काळात वाचनालय बंद असावे आणि निघालेला कचरा अंगणात टाकू नये. नंतर दाराला उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात पुरतील.

खोट्या छताविषयी फार लिहीत नाही. पारा पंचेचाळिसाच्या वर जाणाऱ्या मुलखात उष्ण हवा बाहेर सोडणारे झरोके पीओपीने झाकायचे आणि मग वाचनालयाला कूलर हवा म्हणून पुन्हा प्रस्ताव पाठवायचा, यात कोणाचे हित आहे ते मला कळलेले नाही.

चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता मिळत नाहीत आणि नेहमीच्या अंदाजपत्रकात त्या बाबी सहसा नसतात, अशी अडचण पुढे केली जाईल. पहिली अडचण खरी आहे, पण अशक्य नाही. आमच्याच जिल्ह्यातील गाविलगड आणि शेजारचा नरनाळा हे किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. अशा वास्तूंच्या डागडुजीत चुनाच वापरला जातो, तेव्हा त्या कामांवर राबलेले कारागीर शोधता येतील आणि त्यांच्या हाताखाली गावातील दोन तरुण गवंडी तयारही होतील. दुसऱ्या अडचणीवर दरपृथक्करण करून, म्हणजे माल-मजुरीचा हिशेब मांडून दर ठरवून, विशेष बाब मंजूर करून घेण्याचा मार्ग आहे. आम्ही नोकरीत असताना तो अनेक कामांत वापरला जात असे. मुंबईत १८७२ साली लोकांसाठी खुले झालेले भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय, आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, असेच मोडकळीस आले होते. महापालिका, वारसा जपण्याचे काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज यांच्या नावाचे प्रतिष्ठान एकत्र आले, दुरुस्ती जुन्या पद्धतीने झाली आणि २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. वर्धा ही ज्यांची कर्मभूमी, त्यांच्या नावाच्या संस्थेचा मुंबईतील व्हिक्टोरियन इमारतीला हातभार लागला. मुंबईचा खर्च आम्हाला नको, ती पद्धत मात्र आमच्या एका दालनापुरती अवलंबता येण्यासारखी आहे.

शेवटी एक मुद्दा, ज्याविषयी गावात दबक्या आवाजात बोलले जाते. जुन्या फरश्या, सागवानी चौकटी, पितळी बिजागऱ्या आणि रंगीत काचा यांना शहरांतील जुन्या वस्तूंच्या बाजारात चांगली किंमत येते. अंदाजपत्रकात 'निघालेला माल' या सदराखाली जी जमा दाखवली आहे, ती एका दाराच्या किमतीलाही पुरणार नाही. माझा कोणावर आरोप नाही. तथापि काम सुरू करण्याचा आदेश देण्यापूर्वी दालनातील प्रत्येक वस्तूची छायाचित्रांसह यादी करावी, तिच्यावर ग्रामपंचायत, वाचनालय आणि संबंधित अभियंता या तिघांच्या सह्या असाव्यात, आणि त्या यादीची व सुधारित अंदाजपत्रकाची प्रत वाचनालयाच्या फलकावर लावावी, अशी मागणी आम्ही काही ग्रामस्थांनी लेखी दिली आहे. तिला अद्याप उत्तर आलेले नाही. आपल्या दैनिकातून हा विषय वरिष्ठांच्या नजरेस आला, तर पन्हाळ आणि नालीचे काम तरी येत्या मृगापूर्वी होईल.

आपला,
एक सेवानिवृत्त ओव्हरसिअर
ता. दर्यापूर, जि. अमरावती