पद्धतीआधी माणूस बघणाऱ्या मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानले असते तर तुम्ही लगेच ‘हे बोलताना आत काय होतंय?’ असं विचारलं असतं. म्हणून हे जाहीर पत्र.

मला वाटलं होतं, थेरपिस्टकडे पहिल्या भेटीत पॅनिक अटॅकची लक्षणं सांगायची आणि थेरपीचं नाव ऐकून परत यायचं. तुम्ही नावच काढलं नाही. झोप, कॉफी, घरातली माणसं, आधीचे उपचार, त्यातल्या कशाने बरं वाटलं होतं, सगळं विचारलंत. धडधडीचं मूळ शरीरात नाही ना, हे बघायला थायरॉइडची तपासणी करून आणायला सांगितलंत. रिपोर्ट नॉर्मल आला, मग पुढे सरकलात.

यापूर्वी एका ठिकाणी मला विचारांची नोंदवही दिली होती. प्रसंग, तेव्हा आलेला विचार, त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे. पद्धत चांगली आहे, पुष्कळांना गुण येतो. मला येत नव्हता, आणि का येत नाही हे तुम्ही शोधलंत. माझ्या पॅनिक अटॅकचा क्रमच तुम्ही मांडून दाखवलात: आधी छातीत धडधड, मग आपण सगळ्यांसमोर कोसळलोय असं चित्र, मग तिथून पळ. विचार यायचा तो सगळ्यात शेवटी. नोंदवही भरायला घेईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असायचं!

म्हणून तुम्ही धडधडीपासून सुरुवात केलीत. जागच्या जागी धावायचं, खुर्चीत गरगर फिरायचं, मुद्दाम तेच त्रास अंगात आणायचे आणि ते आपोआप ओसरेपर्यंत पळायचं नाही. (त्या खुर्चीबद्दल आभार मानायला मला अजून थोडा अवधी द्या.) मग त्या चित्राकडे वळलात. वडिलांबद्दलचं दुःख वर आलं तेव्हा मात्र सगळे व्यायाम बाजूला ठेवून नुसतं ऐकलंत. झोप काही केल्या सुधारेना, तर औषधासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलंत. त्यात तुम्हाला कमीपणा वाटला नाही.

पुढे कुतूहल म्हणून वाचलं. मानसशास्त्रज्ञ आर्नल्ड लाझारस यांनी १९६७ मध्येच म्हटलं होतं की उपयोगी तंत्र थेरपीच्या कोणत्याही घराण्यातून घ्यावं, त्या घराण्याचा सिद्धांत पत्करायलाच हवा असं नाही. वर्तन, भावना, संवेदना, मनातली चित्रं, विचार, नाती आणि शरीर अशा सात बाजूंनी माणूस तपासायची त्यांची रीत. तुमचे ते न संपणारे प्रश्न कुठून येत होते ते तेव्हा कळलं.

पण ‘थोडं हे, थोडं ते’ असं कुणीही करू शकतं. तुमच्याकडे प्रत्येक बदलाला कारण होतं, आणि ते तुम्ही मला सांगायचात. दर भेटीआधीच्या त्या छोट्या प्रश्नावलीचा मला कंटाळा यायचा. तिच्यातला त्रासाचा आकडा हलेनासा झाला तेव्हा ‘तुम्ही मनापासून प्रयत्न करत नाही’ असं ऐकायची माझी तयारी होती. तुम्ही म्हणालात, ‘हे तुम्हाला लागू पडत नाहीये, मी दुसरं काही बघते.’

या एका वाक्याबद्दल सगळ्यात जास्त आभार.

आपली,
तुमच्याकडे उपचार घेणारी एक